नेत्याचे खासगी आयुष्य आणि खिशातला कॅमेरा

एखाद्या पुढाऱ्याची ‘क्लिप’ फिरू लागली की नांदेड असो वा लातूर, लोकांच्या बोलण्यात तीन प्रश्न हमखास येतात. हे लोक पूर्वी असे वागत नव्हते का? त्यांच्या घरातल्या भानगडींशी मतदाराला काय देणेघेणे? आणि ही क्लिप खरी कशावरून? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती क्रमाने पाहावी लागतात.

१. पूर्वी असे घडत नव्हते का?

घडत होते. फरक पुराव्याचा आणि तो प्रसिद्ध करणाऱ्या हातांचा होता. १९७८ मध्ये जनता सरकारातील ज्येष्ठ मंत्री जगजीवनराम यांच्या मुलाची एका तरुणीसोबतची खासगी छायाचित्रे ‘सूर्या’ मासिकाने छापली. मेनका गांधी तेव्हा या मासिकाच्या संपादक होत्या. छायाचित्रे मुलाची होती, राजकीय किंमत मात्र वडिलांना मोजावी लागली. अशी छायाचित्रे छापावीत की नाहीत, हा निर्णय त्या काळी देशातल्या मूठभर संपादकांच्या हाती होता.

मराठवाड्यातली दोन उदाहरणे शेजारी ठेवली की बदल नीट दिसतो. लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेत त्यांच्या मुलीचे गुण वाढवले गेल्याचा आरोप झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी नांदेडचे शंकरराव चव्हाण आले.

दुसरे उदाहरण २००८ चे. मुंबईवरील दहशतवादी हल्ला संपल्यानंतर ३० नोव्हेंबरला मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेलची पाहणी करायला गेले. त्यांच्यासोबत अभिनेता मुलगा रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. दूरचित्रवाणीवर ती दृश्ये दिसताच संतापाची लाट उसळली. हल्ल्याबाबतच्या रोषाला या दृश्यांनी चेहरा मिळवून दिला. ८ डिसेंबरला नांदेडचे अशोक चव्हाण यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. म्हणजे दोन्ही वेळा मुख्यमंत्रिपद लातूर जिल्ह्याकडून नांदेडकडे गेले, आणि दोन्ही वेळा निमित्त घरच्या माणसाचे होते.

१९८६ चा पुरावा विद्यापीठाच्या कागदांत होता. तो बाहेर काढायला याचिका, वकील आणि न्यायाधीश लागले. २००८ मध्ये कॅमेऱ्यातली काही मिनिटे पुरली. त्याच वर्षी केंद्रीय गृहमंत्री असलेले लातूरचेच शिवराज पाटील चाकूरकर यांच्या बाबतीत त्याहून किरकोळ गोष्ट पुरली. १३ सप्टेंबरला दिल्लीत बाँबस्फोट झाले त्या संध्याकाळी ते तीन वेगवेगळ्या पोशाखांत कॅमेऱ्यांसमोर आले, एवढ्यावरून टीकेची झोड उठली. कपडे बदलणे ही कोणाचीही खासगी बाब आहे. पण कॅमेऱ्याने तिन्ही दृश्ये एका पडद्यावर आणली आणि त्यांतून बेफिकिरीचा अर्थ निघाला. मुंबईवरील हल्ल्यानंतर त्यांनी राजीनामा दिला तेव्हा ही टीका लोकांच्या लक्षात होतीच.

२. पुरावा आपोआप कसा तयार होतो?

कागद आणि कॅमेरा यांच्यानंतरचा टप्पा मोबाइलचा. इथे पुरावा गोळा करायला कोणी बसावे लागत नाही. वापरणाराच तो नकळत तयार करत असतो. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग मजकुराचा: संदेश, छायाचित्र, आवाज. दुसरा भाग मजकुराभोवतीच्या नोंदींचा: कोणी, कोणाला, कधी, कुठून, किती वेळ. या दुसऱ्या भागाला मेटाडेटा म्हणतात. पोलिसी बातम्यांत येणारा ‘सीडीआर’, म्हणजे कॉलचा तपशील, याच प्रकारातला. दोघे काय बोलले हे त्यातून कळत नाही. पण रात्री किती वाजता, कोणत्या टॉवरच्या हद्दीतून, किती मिनिटे बोलले हे कळते.

मेटाडेटाची ताकद अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेच्या प्रमुखालाही चुकवता आली नाही. सीआयएचे प्रमुख डेव्हिड पेट्रेयस आणि त्यांची मैत्रीण एकमेकांना ईमेल पाठवत नसत. दोघांनी एकच खाते वापरायचे, मसुदा लिहून तसाच ठेवायचा आणि दुसऱ्याने तो उघडून वाचायचा, अशी युक्ती त्यांनी केली होती. पण मैत्रिणीने दुसऱ्या एका महिलेला पाठवलेल्या धमकीच्या ईमेलची चौकशी सुरू झाली. ते ईमेल पाठवणारे खाते कोणत्या हॉटेलच्या इंटरनेटवरून उघडले गेले याच्या नोंदी जुळवत तपास पुढे गेला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये पेट्रेयस यांनी पद सोडले.

व्हॉट्सअॅपवरचे संदेश कूटबद्ध असतात, मग ते बाहेर कसे येतात, असा प्रश्न पडतो. लातूरहून नांदेडला एसटीने पाठवलेल्या कुलूपबंद पेटीसारखा हा प्रकार आहे. वाटेत ती कोणी उघडू शकत नाही. मात्र नांदेडच्या घरात पेटी उघडल्यावर आतली वस्तू कोणाला दाखवायची, हे त्या घरातला माणूस ठरवतो. कूटबद्धतेचे संरक्षण वाटेपुरते असते. स्क्रीनशॉट, दुरुस्तीला दिलेला फोन, क्लाउडवर आपोआप गेलेली प्रत, बिनसलेला सहकारी किंवा दुरावलेला जोडीदार ही गळतीची खरी ठिकाणे आहेत.

कधी गळतीसाठी दुसरा माणूसही लागत नाही. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य अँथनी वीनर यांनी मे २०११ मध्ये एका महिलेला खासगीत पाठवायचे छायाचित्र ट्विटरवर सर्वांना दिसेल असे टाकले. आधी त्यांनी खाते हॅक झाल्याचे सांगितले, काही दिवसांत कबुली दिली आणि जूनमध्ये राजीनामा दिला.

३. क्लिप इतकी झपाट्याने का पसरते?

याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा, एका कार्यकर्त्याने क्लिप पाच गटांना पाठवली आणि प्रत्येक गटात २०० जण आहेत. म्हणजे १,००० जणांपर्यंत ती पोहोचली. त्यांतल्या शंभरात एकाने, म्हणजे केवळ १० जणांनी, ती तशीच पुढे पाच-पाच गटांना पाठवली, तर १०,००० जण झाले. पुन्हा शंभरात एक, म्हणजे १०० जणांनी तेच केले की संख्या एक लाखावर जाते. शंभरातल्या ९९ जणांनी संयम पाळला तरी तिसऱ्या टप्प्यात हे घडते. प्रत्यक्षात तीच माणसे अनेक गटांत असल्याने आकडा थोडा कमी भरेल, एवढेच.

म्हणूनच व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. अनेकदा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा बदल २०२० मध्ये झाला. त्याने वेग घटला, प्रवाह थांबला नाही. मूळ संदेश पुसला तरी इतरांनी उतरवून घेतलेल्या प्रती तशाच राहतात.

मनाई हुकूमही अशा वेळी तोकडा पडतो. मार्च २०२१ मध्ये कर्नाटकातील जलसंपदा मंत्री रमेश जारकीहोळी यांची कथित सीडी वाहिन्यांवर झळकली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ त्याच सरकारातील सहा मंत्री आपल्याबद्दल बदनामीकारक मजकूर दाखवू नये म्हणून बंगळुरूच्या न्यायालयात गेले. न्यायालयाने माध्यमांना मनाई केलीही. पण हुकमात वाहिन्यांची नावे लिहिता येतात, लाखो मोबाइलधारकांची येत नाहीत.

४. खासगी कुठे संपते आणि सार्वजनिक कुठे सुरू होते?

कायद्याने नेत्यांनाही खासगीपणा दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्या आधी, १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात, एक मर्यादा आखली गेली होती: सार्वजनिक पदावरील व्यक्तीच्या कामकाजाशी संबंधित वर्तनावर लिहिले तर त्या व्यक्तीला खासगीपणाची ढाल पुढे करता येत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द झाले. त्यामुळे दोन सज्ञान व्यक्तींचे राजीखुशीचे संबंध, ते विवाहबाह्य असले तरी, केवळ तेवढ्यावरून गुन्हा ठरत नाहीत.

आयुष्याचा काही भाग मात्र उमेदवाराला स्वतःच उघड करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निकालांनंतर अर्जासोबत प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक झाले. त्यात फौजदारी प्रकरणे, तसेच स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता लिहावी लागते. यालाही सीमा आहे. उमेदवाराच्या आयुष्यातील प्रत्येक बाब जाणून घेण्याचा निरंकुश हक्क मतदाराला नाही, असे न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका निवडणूक प्रकरणात सांगितले.

या सगळ्याचा मेळ घातला तर कोणत्याही प्रकरणाला तीन प्रश्न लावता येतात. संमती होती का? पद, सरकारी वेळ किंवा सरकारी पैसा वापरला गेला का? कायद्याने जे जाहीर करायचे ते लपवले का?

जानेवारी २०२१ मधील उदाहरण घ्यावे. परळीचे आमदार आणि तेव्हाचे सामाजिक न्याय मंत्री धनंजय मुंडे यांच्यावर एका महिलेने बलात्काराची तक्रार केली. मुंडे यांनी आरोप फेटाळला आणि १२ जानेवारीला फेसबुकवर स्वतःच लिहिले की दुसऱ्या एका महिलेशी २००३ पासून आपले परस्पर सहमतीचे संबंध आहेत आणि त्यातून दोन मुले आहेत. तक्रार त्याच महिन्यात मागे घेतली गेली आणि मंत्रिपद टिकले. बातम्यांत एकत्र आलेल्या या गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. बलात्काराची तक्रार ही संमतीविषयीची, म्हणून पोलिसांच्या कक्षेतली. सहमतीचे संबंध खासगी. विरोधकांनी उपस्थित केलेला, प्रतिज्ञापत्रात काय लिहिले होते आणि काय नव्हते हा मुद्दा मात्र सार्वजनिक.

जुलै २०२३ मध्ये ‘लोकशाही’ वाहिनीने भाजपचे नेते किरीट सोमय्या यांची कथित आक्षेपार्ह चित्रफीत दाखवली. विधान परिषदेतील तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांनी सभागृहात पेन ड्राइव्ह सादर केला. सोमय्या यांनी कोणत्याही महिलेवर अत्याचार केल्याचे नाकारले आणि स्वतःच चौकशीची मागणी केली. इथेही पहिला प्रश्न संमतीचाच आहे. शोषण झाले असेल तर प्रकरण सार्वजनिक हिताचे. तसे नसेल तर जाब चित्रफीत दाखवणाऱ्यांना विचारायला हवा.

हासनचे तेव्हाचे खासदार प्रज्वल रेवण्णा यांच्या प्रकरणात संशयाला जागा उरली नाही. एप्रिल २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर हासनमध्ये पेन ड्राइव्ह वाटले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना एका बलात्कार प्रकरणात दोषी ठरवून जन्मठेप दिली. याला ‘खासगी चूक’ म्हणणे म्हणजे गुन्ह्याला पांघरूण घालणे. शिवाय ते पेन ड्राइव्ह वाटणाऱ्यांनी पीडित महिलांना चव्हाट्यावर आणले, तो वेगळा अन्याय झाला.

५. रमीचा डाव लातुरात का पेटला?

दुसरा प्रश्न, म्हणजे पदाचा आणि वेळेचा, लातूरच्या अलीकडच्या प्रसंगातून स्पष्ट होतो. २० जुलै २०२५ रोजी आमदार रोहित पवार यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळताना दिसत असल्याचा दावा होता. आपण खेळत नव्हतो, मोबाइलवर आलेली जाहिरात बंद करत होतो, असे कोकाटे यांचे म्हणणे होते.

त्याच दिवशी कोकाटे यांच्याच पक्षाचे, राष्ट्रवादी काँग्रेसचे, प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे लातुरात होते. छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी कोकाटे यांच्या राजीनाम्याची मागणी करत तटकरे यांच्यासमोर पत्ते टाकले. त्यानंतर पक्षाच्या युवक आघाडीचे सूरज चव्हाण आणि त्यांच्या साथीदारांनी या कार्यकर्त्यांना मारहाण केली. त्या मारहाणीचीही चित्रफीत निघाली आणि चव्हाण यांना पद सोडावे लागले. ३१ जुलैला कोकाटे यांच्याकडून कृषी खाते काढून दत्तात्रय भरणे यांना देण्यात आले. कोकाटे यांच्याकडे क्रीडा खाते आले.

फावल्या वेळात मोबाइलवर पत्ते खेळणारी माणसे घरोघरी आहेत. घरच्या दिवाणखान्यात हाच खेळ कोणाच्या खिजगणतीतही आला नसता. इथे जागा सभागृहाची होती, वेळ कामकाजाची आणि खाते शेतीचे. त्याच महिन्यात अहमदपूर तालुक्यातील हाडोळतीचे एक वृद्ध शेतकरी दांपत्य बैल परवडत नसल्याने स्वतःच औत ओढत असल्याची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली होती. लातूर जिल्ह्याने ही दोन दृश्ये काही दिवसांच्या अंतराने पाहिली. पत्ते लातुरात फेकले गेले यामागे हा संदर्भ होता.

फेब्रुवारी २०१२ मध्ये कर्नाटक विधानसभेत घडलेला प्रसंग याच जातीचा. सभागृह सुरू असताना मोबाइलवर अश्लील दृश्ये पाहिल्यावरून तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. त्यांतले एक सीमाभागातल्या अथणीचे लक्ष्मण सवदी होते. दोन्ही घटनांत आक्षेप मोबाइलवर काय होते यापेक्षा ते कुठे बसून पाहिले यावर जास्त होता.

६. क्लिप खरी कशावरून?

चित्र आणि आवाज यांची हुबेहूब नक्कल संगणक करू शकतो. अशा बनावट चित्रफितींना डीपफेक म्हणतात. त्यामुळे दुहेरी अडचण होते. न केलेली गोष्ट कोणाच्याही नावावर खपवता येते. आणि खरोखर केलेली गोष्टही ‘ही बनावट आहे’ म्हणून झटकता येते. महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, बिटकॉइन व्यवहाराबद्दलच्या ध्वनिफिती प्रसिद्ध झाल्या. त्यात सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज असल्याचा दावा होता. दोघांनीही तो फेटाळला. शास्त्रीय तपासणीला वेळ लागतो आणि मतदान दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होणार होते. क्लिपची वेळ निवडणाऱ्याला ही गोष्ट पुरेपूर ठाऊक असते.

न्यायालयात क्लिप चालायची तर तिला प्रमाणपत्र लागते. याविषयीचा देशभर लागू असलेला दंडक मराठवाड्यातल्याच एका वादातून आला. २०१४ मध्ये जालन्यातून अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी कैलास गोरंट्याल यांच्याविरुद्ध निवडून आले. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, हा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर त्यातून काढलेल्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच तरतूद आहे. त्यातील प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश मूल्य’ही द्यावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील माहितीवरून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळ. फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी ही ओळ पूर्ण बदलते, त्यामुळे छेडछाड पकडता येते. गटातून गटात फिरणारी क्लिप सहसा दाबून लहान केलेली असते. तिच्यावरून मूळ फाइलविषयी खात्रीने बोलणे अवघड असते.

पेन ड्राइव्ह नुसता उंचावून दाखवणे हा तर पुरावाही नव्हे. ईडी मागे लावली तर आपण सीडी लावू, असा इशारा एकनाथ खडसे यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये दिला होता. जुलै २०२५ मध्ये नाना पटोले यांनी ‘हनी ट्रॅप’चा विषय काढत विधानसभेत पेन ड्राइव्ह दाखवला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ‘ना हनी आहे, ना ट्रॅप’ असे उत्तर दिले. राजकारणात न उघडलेल्या पेन ड्राइव्हचा धाक कधीकधी उघडलेल्यापेक्षा जास्त चालतो.

७. नंतर काय होते?

गदारोळाने कारकीर्द संपते हा समज अनुभवाला धरून नाही. निलंगेकर २००९ मध्येही निलंग्यातून निवडून आले. विलासराव २००९ मध्ये केंद्रात मंत्री झाले, चाकूरकर २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल. सवदी यांना अथणीने २०१३ मध्ये पुन्हा निवडून दिले आणि २०१९ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले. जारकीहोळी २०२३ मध्ये गोकाकमधून जिंकले. एका तरुणीच्या मृत्यूनंतर ध्वनिफिती पसरल्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिलेले संजय राठोड ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा मंत्री झाले. नेत्याकडे पक्ष, जात, मतदारसंघ, वकील आणि माइक असतो. क्लिपमधल्या दुसऱ्या व्यक्तीकडे, बहुतेकदा महिलेकडे, यातले काही नसते. तिचे गाव, नातेवाईक आणि नोकरी मात्र तीच राहते.

कायद्याने म्हणूनच पसरवणाऱ्यालाही जबाबदार धरले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार महिलेच्या खासगी क्षणांचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे गुन्हा आहे. चित्रणाला तिची संमती होती पण प्रसाराला नव्हती, तरीही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई खासगी अवयवांच्या विनासंमती चित्रणाला आणि प्रसाराला, तर ६७ए लैंगिक कृत्याचा मजकूर प्रसारित करण्याला लागू होते. ६७ए खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बदनामीच्या फौजदारी खटल्यातही ‘मजकूर खरा आहे’ एवढा बचाव पुरत नाही; तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते.

१९७८ मध्ये छापायचे की नाही हे मूठभर संपादक ठरवत असत. तो निर्णय आता क्लिप हाती आलेल्या प्रत्येकाला घ्यावा लागतो. संमती, पदाचा वापर आणि लपवाछपवी यांपैकी एकाही प्रश्नाचा धागा क्लिपमध्ये नसेल, तर तिच्यात मतदारासाठी काही नाही. धागा असेल, तर ती गटात पुढे ढकलण्याऐवजी पोलिसांकडे, निवडणूक आयोगाकडे किंवा तपासून छापणाऱ्या पत्रकाराकडे देणे हा मार्ग आहे.